नाहूर ते बोरिवली, जुन्या नकाशाने

आमच्या बिल्डिंगमधले लोक हल्ली व्हिएतनामला जातात, बालीला जातात आणि परत आले की लिफ्टमध्ये फोटो दाखवतात. मी दिवाळीच्या आधी बोरिवलीला जाऊन आले. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. नाहूर आणि बोरिवली यांच्यामध्ये अख्खा डोंगर आहे, जंगल आहे, त्यात बिबटे आहेत. कावळा दहा मिनिटांत पोचत असेल, माणसाला मात्र सगळ्या डोंगराला वळसा घालून जावं लागतं. आमच्याकडे अशी कितीतरी माणसं आहेत जी काशीला जाऊन आली, पण बोरिवलीला गेलेली नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नाहूर

आधी प्रवासातली मंडळी सांगते. मी शुभा सावंत. माहेर मध्य प्रदेशातलं देवास, सासर मुंबईतलं नाहूर. पत्ता विचारला की आम्ही नाहूरकर ‘मुलुंड’ सांगतो, कारण नाहूर म्हटलं की समोरचा ‘म्हणजे कुठे?’ विचारतो आणि शेवटी मुलुंडच सांगावं लागतं. दुसरे माझे यजमान. त्यांना मी पहिल्यापासून ‘सावंत’ म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा घरात इतके पुरुष होते की ‘अहो’ म्हटलं की तिघे वळून बघायचे. तिसरी आमची जुनी गाडी, आणि चौथी बाई.

बाई म्हणजे गाडीच्या काचेला आतून चिकटवलेलं जीपीएसचं यंत्र. सावंतांनी ते हौसेने घेतलं तेव्हा फोनवर नकाशा बघायची पद्धत आमच्याकडे आली नव्हती. आतून एक बाई इंग्रजीत डावं-उजवं सांगते, म्हणून ती बाई. खरं तर बाईला करायला काम असं कधी नव्हतंच. आमची गाडी लांबच्या प्रवासाला निघाली की एकाच दिशेला जायची, कुडाळजवळ सावंतांच्या गावी. तो रस्ता सावंतांना तोंडपाठ. देवासला मी दर वर्षी ट्रेनने जायचे, एकटी. ‘एवढ्या लांब कोण गाडी नेतं?’ हे सावंतांचं ठरलेलं उत्तर. देवासपेक्षा गाव काही फार जवळ नाही, पण कोकणातल्या माणसाला गाव कधीच लांब नसतं.

बाईचा खरा उपयोग वेगळाच होता. गाडीतला टेप बिघडला, तेव्हा सावंतांनी गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक फोनवर रेकॉर्ड केलं आणि भाच्याकडून बाईच्या पोटात भरून घेतलं. अख्खं, रात्रभराचं. त्यात पेटी आहे, झांज आहे, राजा-प्रधानाचे संवाद आहेत, चहावाल्याची आरोळी आहे, आणि सावंतांच्या शेजारी बसलेल्या कोणाचं तरी निवांत घोरणंही आहे. गावी जाताना ते लावायचं हा नियमच होता. नाटकातला संकासूर राक्षस पेणच्या आसपास यायचा आणि राजा बरोब्बर कशेडी घाटात. मी माळव्याची, मला आधी त्यातलं काही कळायचं नाही. नंतर घोरणं कुठे येतं तेसुद्धा पाठ झालं.

मागच्या वर्षी सावंतांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला त्रास झाला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने आता अंधुकच दिसतं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. सावंतांनी ते निमूट ऐकलं, आणि त्या दिवसापासून गाडीत बसणंच सोडलं. लायसन्स माझ्याकडेही आहे, बाजारापर्यंत मी चालवते. पण मी किल्ली उचलली की ते म्हणायचे, ‘तू हो पुढे, मी रिक्षाने येतो.’ एकाच लग्नाला आम्ही दोन वाहनांतून गेलो आहोत.

मग एक दिवस म्हणाले, ‘गाडी काढून टाकू. सुलूच्या शेजाऱ्याला जुनी गाडी हवीय.’ सुलू म्हणजे बोरिवलीची माझी नणंद. रविवारी गाडी तिकडे दाखवायला न्यायची असं परस्पर ठरलंसुद्धा. मला गाडीचा असा मोठा लोभ नाही. मला सावंत गाडीत हवे होते, पुढे, माझ्या शेजारी. गाडी गेली की ते कायमचे रिक्षात जाणार, हे मला दिसत होतं. मी बोलून पाहिलं, चिडून पाहिलं. ‘बघू’ म्हणाले. सावंतांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.

पण माणसाची एक खोड असते, तीच कधीतरी उपयोगी पडते. सावंत कुठलीही वस्तू दुसऱ्याला देताना आधी नीट करून देतात. जुना कुकर कामवाल्या मावशींना दिला तो नवी रिंग घालून. त्यामुळे मी सहज म्हटलं, ‘बाईचा नकाशा फार जुना झालाय. तसाच देणार त्या माणसाला?’ सावंतांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, ‘साकीनाक्याला एक जण करतो ते काम. शनिवारी जाऊ.’

जाऊ! मी स्वयंपाकघरात जाऊन एक बेसनाचा लाडू खाल्ला.

साकीनाका

शनिवारी सावंत गाडीपाशी आले, मागचं दार उघडलं आणि मागे बसले.

‘सावंत, मी काय तुमची ड्रायव्हर आहे?’

‘पुढे बसलो तर पाय आपोआप ब्रेक मारतो,’ ते म्हणाले. ‘मागे बरा आहे मी.’

मी गाडी सुरू केली. गाडीत तर आले, हेच खूप होतं.

हायवेने घाटकोपरपर्यंत आलो आणि तिथून अंधेरीच्या रस्त्याला लागलो. जुन्या नकाशाने प्रवास करण्यात एक गंमत आहे, ती अनुभवल्याशिवाय कळणार नाही. आम्ही नव्या पुलावरून चाललो होतो आणि बाईच्या पडद्यावर आमची गाडी लोकांच्या घरांवरून, एका शाळेच्या मैदानातून निघाली होती. पुढे डोक्यावर मेट्रो धडधडत गेली. बाईच्या जगात मेट्रो अजून आलेलीच नव्हती. जिथे आता कमरेएवढा दुभाजक आहे, तिथे ती मला उजवीकडे वळायला सांगत होती.

‘तिचं ऐकू नको, सरळ चल,’ मागून आवाज आला.

‘ती म्हणते उजवीकडे.’

‘ती काय, ती जुनी आहे गो. माझ्यासारखी.’

मी गाडी सरळ घेतली. आरशात पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

साकीनाक्याच्या गल्लीत शिरायचं म्हणजे श्वास रोखून अंग चोरायचं. दोन्ही बाजूंना छोटी छोटी दुकानं, आत यंत्रं चालू, बाहेर लोखंडाच्या कांबी, पुठ्ठ्याचे ढीग आणि मध्ये उरलेल्या जागेत टेम्पो. दुकान इक्बालभाईंचं. गाड्यांचे टेप, अलार्म, कॅमेरे असं सगळं ते करतात आणि तोंड एक सेकंद बंद ठेवत नाहीत. बाईला हातात घेऊन ते हळहळले.

‘काय साहेब, कुठल्या जमान्यात राहता? हे फेका, मोठा स्क्रीन लावून देतो, झकास!’

‘हेच करायचंय,’ सावंत म्हणाले.

इक्बालभाईंनी बाईला कॉम्प्युटरला जोडलं आणि कपाळावर हात मारला. अडचण त्यांनी आम्हाला समजावून सांगितली ती अशी. बाईची मेमरी लहान. पूर्वी तेवढ्यात सगळ्या देशाचा नकाशा बसायचा. आता रस्ते वाढले, पूल वाढले, नकाशा फुगला. जादा कार्ड घालायची खाच कधीच मोडलेली. त्यामुळे अख्खा देश मावणार नाही, तुकडे करून घालावे लागतील. महाराष्ट्र-गोवा तर हवाच. तो मावेल. पुढे आणखी एखादा तुकडा बसला असता, पण...

‘आतमध्ये ही एवढी मोठी आवाजाची फाइल कसली आहे? कोणाचं भाषण?’

‘दशावतार,’ सावंत म्हणाले.

‘तेच अडवून बसलंय. ते ठेवा नाहीतर दुसरा तुकडा घाला. बोला, काय करू?’

तेवढ्यात बाहेर हॉर्नचा गदारोळ झाला. आमच्या गाडीने एका टेम्पोची वाट अडवली होती. सावंत सवयीने उठले, त्यांचा हात किल्लीसाठी पुढेही आला. मग तो हात त्यांनी हळूच खिशात घातला. किल्ली घेऊन मीच धावले.

त्या गल्लीतून गाडी उलटी बाहेर काढायची होती. माझ्या देवासमध्ये कोणाला रस्ता विचारला तर तो हातातलं काम टाकून वळणापर्यंत सोडायला येतो. मुंबईत मान वर न करता ‘सीधा’ म्हणतात आणि मोकळे होतात. इतकी वर्षं मी माहेरी मुंबईचा हा दोष रंगवून सांगत आले. पण त्या दिवशी एक वेल्डर चष्मा वर करून आला, पुठ्ठेवाला आला, टेम्पोचा ड्रायव्हर स्वतः उतरला, आणि सगळी गल्ली मिळून मला मागे घेऊ लागली. ‘आने दो, आने दो... काटो, काटो... मॅडम, डावा आरसा बघा... बस्स!’ गाडीला एक ओरखडा न पडता मी मुख्य रस्त्यावर आले. वेल्डरने अंगठा दाखवला. देवासला आता हेही सांगावं लागेल.

परत दुकानात गेले तर काम ठरून गेलं होतं. नकाशा चढायला वेळ लागतो, उद्या सकाळी या, असं इक्बालभाई म्हणाले. सावंत शांतपणे चहा पीत होते.

‘काय केलंत? काय ठेवलं?’

‘मावलं ते ठेवलं,’ म्हणाले. ‘डावा आरसा बघितलास ना?’

कोपऱ्यावर आम्ही भजी-पाव खाल्ले. भजी तिखट आणि पाव कालचा, पण मला त्या दिवशी सगळंच चांगलं लागत होतं.

आरे

रविवारी सकाळी साकीनाक्याहून बाईला घेतलं आणि बोरिवलीची वाट धरली. सावंत परत मागेच. मी ठरवलं होतं की वाद घालायचा नाही. शेवटचाच प्रवास असेल तर तो तरी गोडीने होऊ दे.

पण ऑक्टोबरच्या उन्हाने बाईच्या स्टँडचं रबर सुकलं होतं. मरोळला ती काचेवरून सुटली आणि डॅशबोर्डवर पडली. लावली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली ती घरंगळत माझ्या पायाशी, थेट ब्रेकच्या खाली. मी पाय दाबला तर ब्रेक अर्धाच लागला. कशीबशी गाडी डावीकडे घेऊन थांबवली. मागचा रिक्षावाला ओरडत गेला, ‘मरायचंय का?’

सावंत उतरले. वाकून बाईला बाहेर काढलं, रुमालाने पुसलं. मग पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले आणि तिला दोन्ही हातांत धरलं.

‘चल,’ म्हणाले. ‘मी धरतो.’

मी गिअर टाकला आणि सरळ समोर बघत राहिले. त्यांच्याकडे पाहिलं असतं तर ते परत मागे गेले असते, अशी मला भीती होती.

तिथून आरे कॉलनीत शिरलो. मागे कारखान्यांचा गोंगाट आणि पुढे एकदम झाडंच झाडं, हे मला अजून खरं वाटत नाही. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही अंगांना गवत, मध्येच तबेले, मध्येच एखाद्या पाड्याकडे जाणारी पायवाट. समोरून बेस्टची बस आली तीसुद्धा इथे जरा दमाने चालते. काच खाली केली की शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास. मला देवास आठवलं, सावंतांना गाव आठवलं असणार, कारण ते म्हणाले, ‘कशेडीसारखं वाटतंय.’

‘मग लावा ना दशावतार!’

‘नाही आता आत.’

मी गाडी थांबवलीच. समोर ताक-लस्सीची टपरी होती, तिचं निमित्त झालं. ‘म्हणजे त्या इक्बालभाईने पुसून टाकलं? विचारलं तरी का तुम्हाला? मी आत्ता परत जाऊन त्याला...’

‘मीच सांगितलं काढायला. त्याने पेन ड्राइव्हवर उतरवून दिलंय, घरी ऐकू.’

‘घरी? घरी कोण ऐकतं? ते गाडीत ऐकायचं असतं!’

‘जागा नव्हती गो, शुभा.’

‘कशाला हवी होती एवढी जागा? विकायच्या गाडीत?’

सावंतांनी लस्सीचा ग्लास माझ्या हातात दिला आणि पैसे द्यायला गेले. त्या परक्या माणसाला गोव्याच्या पलीकडचा कुठला तरी मुलूख मिळावा म्हणून यांनी आपला दशावतार काढून टाकला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. इतका चांगुलपणा काय कामाचा! लस्सी घट्ट होती, गोड होती, पण मी अर्धी तशीच परत दिली.

गाडी परत सुरू केली. एक वळण गेलं. आणि मग माझ्या डाव्या कानाशी, अगदी जत्रेतल्या राजाच्या खणखणीत आवाजात शब्द आले, ‘प्रधानजी! आमच्या राज्याची हालहवाल काय आहे, निवेदन करा!’

मी दचकले. सावंत ताठ बसले होते, बाईला राजदंडासारखं उभं धरून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना कधी गाणंसुद्धा गुणगुणताना ऐकलेलं नाही.

समोर रस्ताभर म्हशी होत्या. गोठ्याकडे निघालेल्या, ओल्या, काळ्याभोर, कोणालाही न विचारणाऱ्या. मी ब्रेक लावला आणि म्हटलं, ‘महाराज, पुढे म्हशी आहेत.’

‘कोणाच्या आज्ञेने?’

‘महाराज, राज्य त्यांचंच आहे.’

शेवटची म्हैस जाईपर्यंत दरबार चालला. मध्ये ते थांबले आणि अगदी त्या जागी, जिथे यायचं तिथेच, त्यांनी घोरून दाखवलं. मला हसून हसून ठसका लागला. आणि हसता हसताच मनात आलं, हे सगळं आता एका तासात संपणार आहे.

बोरिवली

आरेतून बाहेर पडून हायवेला लागलं की पश्चिम उपनगरांचा देश सुरू होतो. आमच्या बाजूचे लोक हायवेचं नाव घेतात तेव्हा त्यांना ठाणे दिसतं, यांना अहमदाबाद. आमच्याकडे कोपऱ्यावर वडा, यांच्याकडे खमण. बाईने मात्र नव्या नकाशाने नवे सगळे पूल ओळखले आणि एकदाही शाळेच्या मैदानात न नेता सुलूच्या गेटपाशी सोडलं. सावंत पुढच्या सीटवरून उतरले ते पाहून वर गॅलरीत उभ्या असलेल्या सुलूने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

रविवार होता. सुलूकडे कोंबडी-वडे आणि सोलकढी. चार वडे झाल्यावर मी नको म्हटलं, तर ती म्हणाली, ‘वहिनी, एवढी गाडी चालवत आलीस, खा गप.’ मी खाल्ले. बाईचं रबर पाहून तिने ते गरम पाण्यात बुडवून ठेवलं. ‘माझ्या बाथरूमचं हूक असंच बसवते मी,’ म्हणाली.

जेवण झाल्यावर शेजारचे कीर्तिभाई गाडी बघायला खाली आले. हसतमुख माणूस. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, टायर पाहिले, आत बसून स्टिअरिंग फिरवलं. सुलूने बाईला काचेवर दाबून बसवलं होतं, ती आता हलत नव्हती. कीर्तिभाईंनी तिच्यावर बोट फिरवायला सुरुवात केली.

‘सावंतभाई, यात गुजरात नाय?’

‘नाही.’

‘महाराष्ट्र आहे... गोवा आहे... आणि हे मध्य प्रदेश? मध्य प्रदेशमध्ये कोण जाते?’ त्यांनी आणखी एक बटण दाबलं आणि जपून ठेवलेल्या ठिकाणांची यादी उघडली. पूर्वी तिथे ‘घर’ आणि ‘गाव’ अशी दोनच नावं होती. त्यांच्या खाली आता तिसरं होतं. कीर्तिभाईंनी ते मोठ्याने वाचलं, ‘देवास.’

मी गाडीच्या दाराशी उभी होते. दाराला धरून तशीच राहिले.

‘एक काम करा ना,’ कीर्तिभाई म्हणाले. ‘मध्य प्रदेश काढून गुजरात टाकून द्या. आम्हाला भावनगरला जायला लागते.’

‘नाही जमणार,’ सावंत म्हणाले.

‘का? होते ना बदली?’

‘होते. पण तिथे जायचंय आम्हाला.’ मग त्यांनी घसा खाकरला. ‘कीर्तिभाई, माफ करा. कालच कळवायला हवं होतं, तुम्हाला उगीच खाली बोलावलं. गाडी नाही द्यायची.’

कीर्तिभाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. ‘अरे, पण तुम्हाला तर डोळ्याचा प्रॉब्लेम आहे ना? बायकोला घेऊन मध्य प्रदेश कसा जाणार?’

‘मी नाही नेणार,’ सावंत म्हणाले. ‘ती नेईल मला.’

मला तिथेच, बोरिवलीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर रडू आलं. मी ते लपवलं नाही. सुलू ‘अगं वहिनी, अगं’ करत पाठीवरून हात फिरवत होती, आणि कीर्तिभाईंनी तर उतरून सावंतांचा हातच हातात घेतला. ‘मग एवढे वर्ष का नाय गेले?’ असं त्यांनी विचारलं. सावंत म्हणाले, ‘तेव्हा मी चालवत होतो ना.’

चहा घेऊन आम्ही निघालो. सुलूने वड्यांचा डबा दिला, कीर्तिभाईंनी देवासच्या रस्त्यात कुठे चहा चांगला मिळतो ते न विचारता सांगितलं. मी किल्ली लावली. बाई काचेला घट्ट चिकटून बसली होती. इतकी घट्ट की मी मुद्दाम हलवून पाहिली तरी सुटली नाही. हातात धरायला आता काहीच नव्हतं.

सावंत गाडीला वळसा घालून आले, आणि पुढे बसले.